ओपन सोर्समध्ये नवख्यांना आणणाऱ्या संस्थेसाठी पैसे कुठून उभे करायचे? ठाणे-नवी मुंबईकरांनो, मत द्या

तलावपाळी

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सवडीने वाचा आणि मोकळेपणाने बोला.

आम्ही काही जण, बहुतेक महापे, ऐरोली, वागळे इस्टेट या पट्ट्यात नोकऱ्या करणारे, शनिवारी दुपारी जमतो आणि कॉलेजच्या मुलामुलींना ओपन सोर्स (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा) प्रोजेक्टमध्ये पहिलं काम कसं करायचं ते दाखवतो. लेक्चर नाही, शेजारी बसून. कळवा, दिवा, कोपरखैरणे, पनवेल, कुठून कुठून येतात मुलं. रेपो (प्रोजेक्टच्या कोडचा साठा) क्लोन करायचा म्हणजे उतरवून घ्यायचा, प्रोजेक्ट आपल्या मशीनवर बिल्ड करायचा म्हणजे चालता करायचा (अर्धी मुलं इथेच अडकतात, 4 जीबी रॅमचे लॅपटॉप असतात), इश्यू (नोंदवलेली अडचण) नीट वाचायचा, मेंटेनरला (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याला) मुद्द्याचा प्रश्न विचारायचा, मग पहिली पुल रिक्वेस्ट (पीआर, म्हणजे आपला बदल प्रोजेक्टमध्ये घ्या अशी विनंती). कुणी लिबरऑफिसच्या मराठी भाषांतराला हात लावतं, कुणी डॉक्युमेंटेशन, कुणी खरेखुरे बग.

आता मुद्दा. शनिवार सोपा असतो, अवघड असतात मधले दिवस. एखादीने पीआर टाकला, आठ-दहा दिवसांनी मेंटेनरने उत्तर दिलं की रीबेस करा (बदल ताज्या कोडवर बसवा), टेस्ट लिहा, हे फंक्शन दुसरीकडे हलवा. तिला वाटतं आपल्याला जमलं नाही, आणि ती गप्प होते. त्याच दिवशी कुणीतरी फोन करून "अगं हे सगळ्यांचंच होतं, रात्री नऊला बसू या पंधरा मिनिटं" एवढं म्हटलं तर ती टिकते. हे आम्ही नोकरी, रिलीज, घर सांभाळून करतोय आणि आता पुरं पडत नाही. म्हणून माझं म्हणणं, रीतसर संस्था काढावी आणि एक माणूस अर्धवेळ पगारावर ठेवावा, ज्याचं काम फक्त हा पाठपुरावा. टीशर्ट नको, हॅकेथॉन नको, बॅनर नको. माणूस हवा.

माझा अंदाज: मानधन महिना 30 हजार, जागा-वीज-इंटरनेट 6 हजार, लांबून येणाऱ्या मुलांचा पास आणि डेटा 4 हजार, हिशेब-ऑडिट 2 हजार. म्हणजे महिन्याला 42 हजार, वर्षाचे पाच लाख चार हजार. हे कुठून आणायचे? सीएसआर (कंपन्यांनी समाजकामावर करायचा खर्च), देणग्या, परदेशातले फंड, फी, सगळ्यावर बोला. ज्यांनी संस्था चालवलीय त्यांनी तर नक्कीच.

पारसिक

उपक्रमाला मनापासून पाठिंबा. एक भीती मात्र बोलून दाखवतो. एकाला पगार सुरू झाला की बाकीचे हळूहळू सुटतात, "आता तो आहे ना" म्हणून. माझ्या ओळखीच्या एका वाचनालयात अगदी हेच झालं, ग्रंथपाल पगारी केला आणि दोन वर्षांत संध्याकाळी बसणारे सगळे कार्यकर्ते गेले. तुमच्याकडे शिकवणारे लोक हीच संपत्ती आहे, ती जपा.

तलावपाळी

@पारसिक मुद्दा पटला, म्हणूनच पगारी माणूस शिकवणार नाही असं डोक्यात आहे. तो फक्त बघणार की कुणाचा पीआर कुठे अडकलाय, कोण दोन आठवडे गप्प आहे, कुठल्या मेंटॉरला आज अर्धा तास आहे, आणि दोघांची गाठ घालून देणार. शिकवणं आपलंच.

सीए_नौपाडा

हा माझा रोजचा विषय, त्यामुळे सविस्तर लिहितो.

तीन मार्ग आहेत. सार्वजनिक न्यास, सोसायटी, किंवा कंपनी कायदा 2013 खालची कलम 8 ची कंपनी. सोसायटीला 1860 च्या कायद्याप्रमाणे किमान सात सभासद लागतात आणि आपल्या महाराष्ट्रात तिची सार्वजनिक न्यास म्हणूनही धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी होते, म्हणजे दोन्हीकडचं काम. कलम 8 ची कंपनी कॉर्पोरेट लोकांना आवडते, पण दरवर्षी आरओसीचं (कंपनी निबंधकांकडचं) फाइलिंग आलं, छोट्या संस्थेला ते जड जातं. तुमच्या आकाराला न्यास बरा. फक्त विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट वेळेवर टाकायचा, वर्षानुवर्षं न टाकलेले चेंज रिपोर्ट हे मराठी संस्थांचं जुनं दुखणं आहे आणि पुढे बँकेत सही कोणाची इथपासून सगळं अडतं.

मग आयकर. 1961 च्या आयकर कायद्यातल्या कलमांच्या नावानेच सांगतो: 12ए ची नोंदणी झाली की संस्थेच्या उत्पन्नावर सूट, 80जी झाली की देणगीदाराला सवलत. नव्या संस्थेला आधी तात्पुरती नोंदणी तीन वर्षांसाठी मिळते. 80जी मध्ये तुमच्यासारख्या संस्थेच्या देणगीवर साधारण निम्म्या रकमेची वजावट, 2000 च्या वर रोख दिलेली देणगी धरत नाहीत, आणि देणग्यांचं विवरण मुदतीत भरायचं, तेव्हाच देणगीदाराला सर्टिफिकेट देता येतं. ते दिलं नाही तर त्याची वजावट अडते आणि पुढच्या वर्षी तो माणूस तुमच्याकडे फिरकत नाही.

पण माझा खरा सल्ला वेगळाच आहे. 80जी वर फार भिस्त ठेवू नका. 2023-24 पासून नवी करप्रणाली डीफॉल्ट झालीय आणि तिच्यात 80जी ची वजावट मिळत नाही. तुमचे देणगीदार कोण, तर आयटीतली तिशीतली मंडळी, बहुतेक नव्या प्रणालीत गेलेली. त्यांना करसवलत दाखवून काही उपयोग नाही, काम दाखवा.

आणि एक, नोंदणी होऊन संस्थेचं पॅन आणि बँक खातं निघेपर्यंत कुणाच्याही वैयक्तिक खात्यावर किंवा यूपीआयवर पैसे गोळा करू नका. चांगल्या हेतूने सुरू झालेली कामं याच्यावरून मोडलेली पाहिली आहेत.

घणसोलीकर

मी थोडं विरुद्ध बोलतो. फी का नाही? क्लासवाले वेब डेव्हलपमेंटचे पन्नास-साठ हजार घेतात आणि मुलं देतात. तुम्ही सहा महिन्यांचे दोन हजार घ्या. फुकट मिळालं की किंमत राहत नाही, निम्मी मुलं दुसऱ्या शनिवारी येतच नाहीत. फीने पूर्ण खर्च निघणार नाही पण शिस्त येईल.

दिवा_फास्ट

मी या शनिवारच्या गटातूनच शिकलेय म्हणून लिहितेय. @घणसोलीकर सर, दोन हजार फी असती तर मी आलेच नसते. घरी सांगता आलं नसतं की कशासाठी, कारण सर्टिफिकेट नाही, नोकरीची गॅरंटी नाही. आणि जी मुलं दुसऱ्या शनिवारी येत नाहीत त्यातल्या कितीतरी जणांना त्या दिवशी कामावर जायचं असतं. माझी मैत्रीण मॉलमध्ये वीकेंडला काम करते, तिची हुशारी माझ्यापेक्षा जास्त आहे.

मी काय केलं ते सांगते म्हणजे कळेल पैसे कुठे लागतात. एका नोट्सच्या अ‍ॅपमध्ये भाषा मराठी निवडली तरी ल आणि श हिंदी वळणाचे दिसायचे. मला वाटलं फॉन्टच वाईट. दादांनी दाखवलं की फॉन्टमध्ये मराठी वळणाची अक्षरं आहेत, पण अ‍ॅपने मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितलं तरच फॉन्ट ती वापरतो, आणि अ‍ॅप ते सांगतच नव्हतं. कोडमधला बदल अगदी लहान होता. पण तो कुठे करायचा हे शोधायला, मग टेस्ट लिहायला, मग मेंटेनरने विचारलं की बाकीच्या भाषांवर काय परिणाम होईल त्याचं उत्तर इंग्रजीत लिहायला कितीतरी दिवस गेले. उत्तर तीनदा लिहून खोडलं होतं, ताईंनी फोनवर बसून "तू मराठीत सांग आधी" म्हटलं आणि मग ते जमलं. आता ते अ‍ॅप उघडलं की ल बरोबर दिसतो आणि ते जगभर जो कुणी मराठी वापरतो त्याला तसंच दिसतं. तो फोन महत्त्वाचा होता, हॉल आणि प्रोजेक्टर नाही.

घणसोलीकर

@दिवा_फास्ट शाबास. वाचून खरंच छान वाटलं. फीचा आग्रह सोडला.

सीए_नौपाडा

फीबद्दल कायद्याचंही एक सांगतो. आयकरात 'शिक्षण' या शब्दाचा अर्थ बराच आखडून घेतला जातो. तुमचं काम 'सार्वजनिक उपयोगाचा उद्देश' या सदरात गेलं, तर फी घेऊन केलेल्या व्यवसायासारख्या कामाची जमा एकूण जमेच्या 20 टक्क्यांच्या आत ठेवावी लागते. तेव्हा फी नाही हेच सरळ.

टर्मिनल_उघडा

मी दुसऱ्या बाजूने लिहितो, म्हणजे मेंटेनरच्या. कोडची एक छोटी लायब्ररी (दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममध्ये वापरायचा तयार कोड) सांभाळतो, नोकरी सांभाळून, रात्री.

नवीन माणूस आला की आनंद होतो, पण त्याचा खर्च मेंटेनरच्या वेळेतून जातो हे कुणी मोजत नाही. 2020 चं हॅक्टोबरफेस्ट (ऑक्टोबरमधला ओपन सोर्सचा उपक्रम) आठवा, डिजिटलओशन कंपनी चार पीआरवर टीशर्ट देत होती आणि जगभरच्या रेपोंमध्ये रीडमीमध्ये (प्रोजेक्टची ओळख देणाऱ्या फाइलमध्ये) एखादा शब्द घालून पाठवलेले पीआर कोसळले, शेवटी त्यांना त्याच महिन्यात नियम बदलून ज्या प्रोजेक्टची इच्छा असेल तेच सहभागी असं करावं लागलं. 2024 मध्ये एक्सप्रेस या वेबसाइट बांधायच्या साधनाच्या रेपोत रीडमीमध्ये स्वतःचं नाव घालणारे पीआर, तेही एका ट्युटोरियलमध्ये तसं करून दाखवलं होतं म्हणून. त्या मुलांना मी दोष देत नाही. त्यांच्या शेजारी बसून "हा रेपो कुणीतरी खरंच सांभाळतंय" असं सांगणारं कुणी नव्हतं. आणि आता एआयकडून लिहून घेतलेले, स्वतः न वाचलेले पीआर येतात, त्यांचा रिव्ह्यू करणं (तपासणं) फारच थकवणारं आहे.

म्हणून संस्था हवीच, पण देणगीदाराला आकडा कुठला दाखवणार यावर सगळं ठरेल. 'यंदा 500 पीआर' असं दाखवायला लागलात की तुम्हीही तोच कचरा तयार कराल, कारण पैसा त्या आकड्यामागे येईल. दाखवायचं तर हे दाखवा की वर्षापूर्वी आलेल्यांपैकी किती जण अजून त्याच प्रोजेक्टमध्ये आहेत, किती जण आता दुसऱ्यांचे पीआर तपासतात. हा आकडा लहान असेल, हळू वाढेल. चालेल.

पैशाचा ओघ कुठे असतो तेही बघा. गूगल समर ऑफ कोड (नवख्यांना ओपन सोर्सवर काम देणारा गूगलचा उपक्रम) 2005 पासून चालू आहे, भारतातून भरपूर मुलं जातात, मुलांना चांगला स्टायपेंड मिळतो, चांगलंच आहे. पण मेंटॉर संस्थेला एका मुलामागे 500 डॉलर, तीन-चार महिने शिकवणाऱ्याच्या वेळेचे. 2014 मध्ये हार्टब्लीड (ओपनएसएसएल या सुरक्षेच्या सॉफ्टवेअरमधली मोठी चूक) उघड झालं तेव्हा कळलं की अख्खं इंटरनेट ज्याच्यावर चालतं त्या ओपनएसएसएलला वर्षाला जेमतेम 2000 डॉलरच्या देणग्या यायच्या. 2024 मध्ये एक्सझेड या फाइल लहान करायच्या साधनात मागचं दार (गुपचूप आत शिरायची वाट) घुसवलं गेलं ते एकट्या, थकलेल्या मेंटेनरच्या मदतीला आल्याचं दाखवून. विश्वासाची, नीट तयार झालेली नवी माणसं ही सगळ्यांचीच गरज आहे, आणि ती तयार करायला लागतो कुणाचा तरी वेळ. त्या वेळेचे पैसे मागायला लाजू नका.

महापे_शिफ्ट

+1 वरच्या प्रतिसादाला.

मी एका कंपनीत सीएसआरच्या समितीसाठी कागद तयार करते. कंपनी कायद्याच्या कलम 135 प्रमाणे ज्या कंपनीचा निव्वळ नफा 5 कोटी किंवा उलाढाल 1000 कोटी किंवा नेटवर्थ 500 कोटींवर आहे तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्च करावा लागतो. ठाणे-बेलापूर रोडवर अशा कंपन्या ढिगाने आहेत, आणि कायदाच सांगतो की आजूबाजूच्या भागाला प्राधान्य द्या. म्हणजे दार आहे. पण दोन अडचणी. संस्थेकडे सीएसआर-1 चा नोंदणी क्रमांक लागतो आणि त्याच तऱ्हेच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. तुमचं काम जुनं असलं तरी कागदावर संस्था आज जन्मतेय. दुसरं म्हणजे ओपन सोर्स असं काही त्या कायद्याच्या परिशिष्ट सातमध्ये (सीएसआरमध्ये कुठली कामं चालतात त्या यादीत) लिहिलेलं नाही, प्रस्ताव शिक्षण आणि रोजगारक्षम कौशल्य या शब्दांत मांडावा लागेल. तो प्रामाणिकपणे मांडता येतो, कारण तुम्ही तेच करताय.

आणि तिसरी गोष्ट अनुभवाची. कंपन्यांना लॅपटॉप वाटप आवडतं, फोटो येतो. पगाराला पैसे द्यायला मान्यता मिळवणं कठीण असतं. म्हणून पहिली तीन वर्षं माणसाचा पगार लोकवर्गणीतून काढा, आणि सीएसआर आला की लॅपटॉप, जागा, मुलांचा प्रवास त्याच्यावर टाका. उलटं केलंत तर एक वर्ष कंपनीने हात आखडला की तुमचा माणूस जाईल, आणि माणूस गेला की संस्था गेली.

जर्सी_व्हाया_नेरुळ

वाचतोय रोज. नेरुळमध्ये वाढलो, वीस-एक वर्षं इकडे आहे. माझ्या ऑफिसमधले चार-पाच मराठी मित्र मिळून वर्षाचे हजार-दीड हजार डॉलर सहज देऊ. लगेच पाठवता येतील का?

सीए_नौपाडा

@जर्सी_व्हाया_नेरुळ आधी पासपोर्ट कुठला ते बघा. भारतीय नागरिक असाल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असाल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिकाचं) कार्ड असलं तरीही, ती परदेशी देणगी, आणि एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय संस्थेने ती घ्यायची नाही. त्या नोंदणीला साधारण तीन वर्षांचं काम आणि त्या तीन वर्षांत 15 लाखांचा खर्च दाखवावा लागतो, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर पैसे फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घेता येतात. तलावपाळीताईंचा वर्षाचा खर्चच पाच लाख आहे, तेव्हा तो विषय आत्ता बाजूला.

जर्सी_व्हाया_नेरुळ

माझा पासपोर्ट अजून भारतीयच आहे, दोन मित्रांचाही. मग आम्ही तिघं एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) खात्यातून देऊ. बाकीचे दोघं पैसे नाही तर वेळ देतील, तुमच्या रात्री नऊला आमची सकाळ असते, रिव्ह्यूच्या इंग्रजी उत्तरांना मदत करता येईल.

तलावपाळी

@जर्सी_व्हाया_नेरुळ हे तर पैशापेक्षा मोठं आहे. नक्की.

जुना_लिनक्सवाला

आधी हे कुणी केलंय का, तर हो, आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. अमेरिकेत ओपनहॅच म्हणून संस्था होती, 2009 मध्ये सुरू झाली, नेमकं हेच काम, कॉलेजांमध्ये जाऊन एका दिवसाची शिबिरं, नवख्यांना सोपे बग शोधून देणं. नाव झालं, लोकांना उपयोग झाला, आणि तरीही 2017 मध्ये काम थांबलं. चांगलं काम म्हणून ते आपोआप चालू राहत नाही.

दुसरं उदाहरण आउटरीची. 2006 मध्ये ग्नोम (लिनक्सचा डेस्कटॉप) प्रोजेक्टने मुलींसाठी उन्हाळी उपक्रम म्हणून सुरू केलं, 2015 मध्ये सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेच्या छत्राखाली आलं. तीन महिन्यांची इंटर्नशिप, 7000 डॉलर स्टायपेंड, प्रायोजकांच्या पैशातून. मला त्यात दोन गोष्टी शहाणपणाच्या वाटतात. एक, वेगळी संस्था न काढता आधीपासून हिशेब-ऑडिट सांभाळणाऱ्या मोठ्या संस्थेच्या आश्रयाला राहणं. दोन, निवडीच्या आधीच प्रत्यक्ष प्रोजेक्टमध्ये काम करून दाखवायला लावणं, त्यामुळे ज्यांची निवड होत नाही तेही काहीतरी शिकून जातात.

आश्रयाचा धोकाही आहे म्हणा. ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशनने 2024 च्या सुरुवातीला जाहीर केलं की संस्था बंद करतोय, आणि तिच्या आधाराने चालणाऱ्या शेकडो छोट्या गटांना नवं छत शोधावं लागलं.

आपल्याकडे फॉस युनायटेड ही ओपन सोर्सवाल्यांची संस्था आहे, त्यांचे मुंबईत मीटअप होतात, कॉलेजांमध्ये क्लब आहेत, त्यांच्याशी आधी बोला. झिरोधाने ऑक्टोबर 2024 मध्ये फ्लॉस फंड काढला, वर्षाला 10 लाख डॉलर, पण तो सॉफ्टवेअर प्रोजेक्टना आहे, माणसं घडवण्याला नाही. आणि पवईला आयआयटीत फॉसी हा ओपन सोर्सचा प्रकल्प आहे, शिक्षण मंत्रालयाच्या पैशावर, उन्हाळ्यात फेलोशिप देतात. तुमच्या तयार मुलांना तिकडे अर्ज करायला लावा, तो स्टायपेंड तुमच्या तिजोरीतून जाणार नाही.

खारघर_टेकडी

मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. शनिवारी आमच्या विभागाची लॅब रिकामी असते, चाळीस मशीन आणि इंटरनेट. विभागप्रमुखांशी बोलले, एक पानाचा सामंजस्य करार केला तर मोफत देतील. म्हणजे तुमच्या अंदाजातले जागेचे 6 हजार कमी धरा. फक्त कॉलेजला मुलांना काहीतरी कागद द्यावा लागतो. सर्टिफिकेट देण्यापेक्षा मर्ज झालेल्या (प्रोजेक्टने स्वीकारलेल्या) पीआरची लिंक हाच पुरावा असं मी आमच्या लोकांना समजावलंय, बऱ्यापैकी पटलंय.

पारसिक

मग महिन्याचे 36 हजार उरले. 500 रुपये देणारी 72 माणसं. एवढी ठाण्यात नाही मिळणार?

गणपतीच्या वर्गणीचं जसं, पावती लगेच मिळते आणि मंडळाच्या फळ्यावर जमाखर्च लागतो, तसं करा. दर महिन्याच्या 5 तारखेला जमा-खर्च सगळ्यांना दिसेल असा टाका, अगदी कुणाच्या पासाचे किती दिले तेही, मुलांची नावं न देता. माझ्याकडून 1000 महिना धरा. आणि माझी वरची शंका मी मागे घेत नाहीये, पगारी माणसाने शिकवायचं नाही हे न्यासाच्या नियमातच लिहा.

ऐरोली_सेक्टर_आठ

मुलाच्या जन्मानंतर पाच वर्षं घरी होते, आधी टेस्टिंगमध्ये काम केलंय. मला विचारायचं होतं की हे फक्त कॉलेजच्या मुलांसाठी आहे का? आणि ते अर्धवेळ पाठपुराव्याचं काम, त्याला अर्ज करता येईल का? लोकांच्या मागे लागून कामं पूर्ण करून घेणं हे मी वर्षानुवर्षं केलंय.

तलावपाळी

@ऐरोली_सेक्टर_आठ फक्त कॉलेजसाठी अजिबात नाही, या शनिवारी या. अर्ज जरूर करा, जागा निघाली की इथेच टाकणार आहे, आणि निवड आम्ही मित्रमंडळीत नाही करणार, दोन बाहेरचे लोक बसतील.

सगळ्यांचं वाचून आम्ही काल बसलो, ठरलं ते लिहिते. न्यास करायचा, पाच विश्वस्त, त्यातली एक जण या गटातून शिकलेली असणारच. फी नाही. पहिली तीन वर्षं सीएसआर किंवा परदेशी पैशाच्या मागे लागायचं नाही, मात्र पहिल्या दिवसापासून हिशेब आणि कामाची नोंद अशी ठेवायची की तीन वर्षांनी @महापे_शिफ्ट यांच्या समितीसमोर ठेवता येईल. वर्गणी 500 पासून, सहा महिन्यांचा पगार हातात जमा झाल्याशिवाय माणूस नेमायचा नाही, कारण कुणाला नोकरी देऊन तिसऱ्या महिन्यात थांबवणं मला मान्य नाही. जमाखर्च 5 तारखेला. आणि टर्मिनलदादांचा आकडा: वर्षानंतर कोण टिकलं. पीआरची संख्या कुठेही छापायची नाही.

आत्ता पैसे कुणीही पाठवू नका, खातं निघालेलं नाही. फक्त महिन्याला किती देणार एवढं इथे लिहा, मी यादी करतेय.

टर्मिनल_उघडा

1000. आणि माझ्या लायब्ररीतले तीन इश्यू नवख्यांसाठी राखून ठेवतो, प्रत्येकात कुठली फाइल आणि कुठून सुरुवात ते लिहून. रिव्ह्यू 48 तासांत देईन.

घणसोलीकर

500. दर महिन्याला आपोआप जाईल असं बँकेत लावता येईल ना?

दिवा_फास्ट

माझी इंटर्नशिप जूनमध्ये सुरू होतेय, तोवर 100 चालतील का?

सीए_नौपाडा

@दिवा_फास्ट चालतील, पावती 100 चीही निघते. @घणसोलीकर हो, खातं निघालं की ई-मँडेट लावू. नोंदणीचे कागद मी फी न घेता करतो, विश्वस्तांनी आधार, पॅन आणि जागामालकाचं संमतीपत्र तयार ठेवा.